आंकड्यांच्या हुकुमांतलें यंत्र

यंत्रांचा इतिहास बहुधा मोठ्या कारखान्यांचा आणि मोठ्या भांडवलाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु कांहीं यंत्रें अशीं आहेत, कीं ज्यांचा जन्म सरकारी तिजोरीच्या आश्रयानें झाला आणि पुढें तीं सामान्य गृहस्थाच्या टेबलावर येऊन बसलीं. संगणकाची कथा अशी आहे, हें सर्वांस ठाऊकच आहे. त्याच मालिकेंत आतां आणखी एका यंत्राची गणना करावी लागते. लांकूड, प्लॅस्टिक किंवा धातु यांचा तुकडा आंकड्यांनीं लिहिलेल्या आज्ञांप्रमाणें कोरून काढणारें मिलिंग यंत्र हें तें यंत्र होय. कारखान्यांत त्याला सीएनसी या तीन अक्षरांनीं ओळखतात.

छंद म्हणून असें लहानसें यंत्र घरीं मांडावें अशी इच्छा ज्याला होते, त्याच्यापुढें पहिला प्रश्न पैशाचा उभा राहतो. किती खर्च करावा, कोठें हात आखडता घ्यावा, आणि थोड्या पैशांत मिळालेल्या यंत्राकडून कोणत्या कामाची अपेक्षा धरावी? या प्रश्नांचें उत्तर दुकानदाराच्या किंमतपत्रकांत सांपडत नाहीं; तें या यंत्राच्या इतिहासांत सांपडतें. कारण या यंत्राचीं दोन अंगें आहेत. एक हिशेब करणारें आणि दुसरें भार सोसणारें. गेल्या सत्तर वर्षांत पहिलें अंग कल्पनेपलीकडे स्वस्त झालें; दुसरें मात्र आपल्या जागेवरून फारसें हललेलें नाहीं. ज्याला हा भेद कळला त्याचा पैसा वांचतो, आणि पैशाहून मोलाची अशी उमेदहि वांचते.

मिलिंग म्हणजे काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे. लेथवर कामाचा तुकडा फिरतो आणि त्याला कापणारें हत्यार फिरत नाहीं. मिलिंग यंत्रावर याच्या उलट प्रकार असतो. तेथें दांतेरी कटर वेगानें फिरतो, आणि टेबलाला घट्ट आवळलेला तुकडा त्याच्याखालून सरकविला जातो. टेबल डावी-उजवीकडे सरकतें, मागें-पुढें सरकतें, आणि कटर व टेबल यांच्यामधील अंतर कमी-जास्त करतां येतें. या तीन दिशांना एक्स, वाय आणि झेड अशीं नांवें आहेत. हातानें चालवावयाच्या यंत्रावर प्रत्येक दिशेसाठीं एक चाक असतें. चाक फिरलें कीं आंट्यांचा दांडा फिरतो आणि टेबल पुढें जातें. चाकावरच्या रेघा मोजीत, कटरचा आवाज ऐकत आणि उडणाऱ्या किसाचा रंग पाहत कारागीर आपलें काम करीत असतो. त्या यंत्राचें खरें ज्ञान कोणत्याहि पुस्तकापेक्षां त्याच्या बोटांत आणि कानांत अधिक सांठलेलें असतें.

ही विद्या जुनी आहे. सन १८६२ मध्यें अमेरिकेंतील प्रॉव्हिडन्स शहरीं जोसेफ ब्राउन यांनीं सर्वोपयोगी मिलिंग यंत्र बनविलें. त्यापूर्वीं भोंकें पाडण्याच्या ट्विस्ट ड्रिलवरील पिळदार खांचा कारागीर कानशीनें हातानें घासून काढीत. त्या खांचा यंत्रावर पाडतां याव्यात, हा ब्राउन यांचा तात्कालिक हेतु होता. पुढें सन १९३८ मध्यें कनेटिकट राज्यांतील ब्रिजपोर्ट येथून रुडॉल्फ बॅनो यांचें उभ्या स्पिंडलचें यंत्र बाहेर पडलें, आणि जगांतील असंख्य लहानमोठ्या कारखान्यांत तें जाऊन पोंचलें. या यंत्रांवर सरळ रेषा, सपाट पृष्ठभाग आणि खांचा उत्तम निघत. अडचण येई ती स्वैर वक्ररेषेची. अशा रेषेवरून कटर न्यावयाचा, तर दोन चाकें एकाच वेळीं आणि क्षणोक्षणीं बदलत्या प्रमाणांत फिरवावीं लागतात. दोन हातांना हें साधत नाहीं. निदान हजाराव्या भागाच्या अचूकपणानें तर नाहींच.

या अडचणीशीं गांठ पडली ती विमानविद्येची. अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत ट्रॅव्हर्स सिटी या गांवीं जॉन पार्सन्स यांच्या कारखान्यांत हेलिकॉप्टरच्या पंख्याचीं पातीं तयार होत असत. पात्याचा आडवा छेद एका विशिष्ट वक्ररेषेचा असावा लागे, आणि ती रेषा ठरविण्यासाठीं मूळ आराखड्यांत अवघे १७ बिंदु दिलेले असत. त्या बिंदूंमधून नकाशा काढणारानें पट्टी वांकवून रेषा ओढावयाची, अशी रीत होती. पार्सन्स यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांनीं भोंकें पाडलेल्या पत्त्यांवर चालणाऱ्या आय. बी. एम. कंपनीच्या गणनयंत्रावर गणित करून त्याच वक्ररेषेचे २०० बिंदु काढले. आंकडे हातीं आल्यावर पार्सन्स यांनीं मिलिंग यंत्रापाशीं तीन माणसें उभीं केलीं. एकानें तक्त्यांतील आंकडे मोठ्यानें वाचावयाचे, दुसऱ्यानें एक्स दिशेचें चाक तितकें फिरवावयाचें आणि तिसऱ्यानें वाय दिशेचें. दोन्ही चाकें जागेवर आलीं कीं कटर खालीं उतरवावयाचा, एक छेद घ्यावयाचा, आणि पुढचा आंकडा वाचावयाचा. बिंदु पुरेसे जवळ असले म्हणजे छेदांमधील बारीक उंचवटे कानशीनें सहज साफ होत. वक्ररेषेचा प्रश्न आंकड्यांच्या वाटेनें असा सुटला.

आतां या तीन माणसांच्या जागीं भोंकें पाडलेले पत्ते आणि मोटरी बसविल्या तर? सन १९४९ मध्यें अमेरिकेच्या वायुदलानें पार्सन्स यांना या कामाचा ठेका दिला. मोटरींच्या नियंत्रणाचा प्रश्न अवघड असल्यामुळें पार्सन्स यांनीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एम. आय. टी., या संस्थेच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेचें साहाय्य घेतलें. थोड्याच काळांत कामाचीं सूत्रें त्या संस्थेकडे गेलीं. सिनसिनाटी कंपनीच्या हायड्रोटेल नांवाच्या भल्यामोठ्या मिलिंग यंत्राला तेथें नवें नियंत्रण जोडण्यांत आलें, आणि सप्टेंबर १९५२ मध्यें तें सर्वांसमोर चालवून दाखविण्यांत आलें. कागदी फितीवर पाडलेल्या छिद्रांवरून तें आपल्या आज्ञा वाचीत असे. जुन्या काळच्या घरगुती रेडिओंत पांच-सहा व्हॉल्व्ह असत. या यंत्राच्या कपाटांत ते शेंकडोंनीं होते. पार्सन्स आणि स्टुलेन यांना त्यांच्या मूळ कल्पनेचें पेटंट सन १९५८ मध्यें मिळालें.

या यंत्राचें नवल पुष्कळ झालें, परंतु तें विकत घ्यावयास कारखानदार पुढें येईनात. किंमत अवाढव्य होती आणि कागदी फीत तयार करणें हें स्वतंत्र शास्त्र होऊन बसलें होतें. अखेर वायुदलानें आपल्या खर्चानें अशीं शंभराहून अधिक यंत्रें घेऊन विमानांच्या कारखान्यांत बसविलीं. फितीचें गणित सुलभ व्हावें म्हणून डग्लस रॉस यांच्या नेतृत्वाखालीं एम. आय. टी. मध्यें एपीटी नांवाची आज्ञाभाषा तयार झाली. फेब्रुवारी १९५९ मध्यें ती पत्रकारांना दाखविण्यांत आली, त्या प्रसंगीं त्या भाषेंतून कोरून काढलेलें अ‍ॅल्युमिनियमचें एकेक रक्षापात्र पाहुण्यांना भेट देण्यांत आलें. विमानांच्या पात्यांसाठीं जन्मलेल्या या विद्येनें शोभेची घरगुती वस्तु घडविल्याचें हें एक आरंभींचें उदाहरण होय.

येथें या कथेंतील एका वादाचा उल्लेख केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. कारण आजच्या छंदी माणसाचा त्या वादाशीं जवळचा संबंध आहे. यंत्र आपोआप चालविण्याची दुसरीहि एक वाट त्या काळीं उपलब्ध होती. जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें एम. आय. टी. च्या प्रयोगाआधींच अशी योजना केली होती, कीं कुशल कारागिरानें एक वस्तु आपल्या हातानें कापावी, त्या वेळच्या यंत्राच्या सर्व हालचाली चुंबकीय फितीवर नोंदल्या जाव्यात, आणि पुढच्या वस्तु त्या फितीवरून यंत्रानें आपणच कापाव्यात. गवय्याचें गाणें तबकडीवर घ्यावें, तसा हा प्रकार होता. यांत कारागिराचें कौशल्य हाच मूळ धनाचा ठेवा राही. आंकड्यांच्या पद्धतींत मात्र वस्तूचें रूप आणि तें कापण्याची रीत हीं दोन्ही कचेरींतल्या टेबलावर ठरूं लागलीं, आणि यंत्रापाशीं उभ्या असलेल्या माणसाकडे बटण दाबणें तेवढें उरलें. इतिहासकार डेव्हिड नोबल यांनीं सन १९८४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें, कीं आंकड्यांची पद्धति विजयी झाली ती केवळ तिच्या तांत्रिक गुणांमुळें नव्हे. कारखान्यावरील सत्ता कामगाराच्या हातून काढून व्यवस्थापकाच्या हातीं देण्याची ओढहि तिच्यामागें होती.

हें मत सर्वांशीं ग्राह्य मानण्याचें कारण नाहीं. गणितांतून निघणारे विमानांचे वक्र पृष्ठभाग कोणत्याहि कारागिराला हातानें एकदांहि अचूक कापतां आले नसते, मग त्यांची नोंद कशाची घ्यावयाची? परंतु त्या मतांतील वेदना खोटी नाहीं. अमेरिकन कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट हे तरुणपणीं जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रसिद्धिखात्यांत नोकरीस होते. तेथें पाहिलेल्या स्वयंचलित मिलिंग यंत्रावरूनच त्यांना आपल्या पहिल्या कादंबरीची कल्पना सुचली. माणसाच्या हाताला काम न उरलेल्या समाजाचें चित्र तींत आहे. ती प्रसिद्ध झाली सन १९५२ मध्यें, म्हणजे एम. आय. टी. चें यंत्र जगापुढें आलें त्याच वर्षीं. डोकें एकीकडे आणि हात दुसरीकडे अशी ताटातूट या यंत्रानें केली, हा आक्षेप त्याच्या जन्माइतकाच जुना आहे.

पुढच्या दोन दशकांत व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, आणि सन १९७१ मध्यें इंटेल कंपनीचा पहिला मायक्रोप्रोसेसर बाजारांत आला. यंत्राचा हिशेब करणारें अंग कपाटांतून पेटींत आणि पेटींतून नखाएवढ्या तुकड्यांत शिरलें. आज्ञा लिहिण्याची भाषाहि स्थिरावली. तिचें प्रमाणित रूप अमेरिकेंत सन १९८० मध्यें मुक्रर झालें आणि तीच आजहि जी-कोड या नांवानें वापरांत आहे. ही भाषा दिसते तितकी दुर्बोध नाहीं. ‘जी १ एक्स ४० एफ २००’ या ओळीचा अर्थ इतकाच, कीं मिनिटाला २०० मिलिमीटर या गतीनें सरळ रेषेंत जाऊन एक्स दिशेच्या ४० व्या मिलिमीटरवर थांब. पार्सन्स यांच्या तिघांपैकीं पहिला माणूस जें मोठ्यानें वाचीत असे, तेंच हें.

तरीहि घरगुती छंदापर्यंत ही विद्या यावयास आणखी एक गोष्ट घडावी लागली. ती म्हणजे ज्ञानाचें मुक्त दान. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनें सन १९९० नंतरच्या दशकांत यंत्रनियंत्रणाची एक आज्ञावली तयार केली. सरकारी काम असल्यामुळें तिच्यावर कोणाचा मालकी हक्क नव्हता. हौशी लोकांनीं ती उचलली, सुधारली, आणि तीच पुढें लिनक्ससीएनसी या नांवानें प्रसिद्ध झाली. कचेऱ्यांनीं टाकून दिलेला जुना संगणक, प्रिंटर जोडण्याची त्याची २५ पिनांची खोबण, आणि जुन्या यंत्रांतून काढलेल्या मोटरी एवढ्या सामग्रीवर त्या काळीं कित्येकांनीं आपलें पहिलें यंत्र उभें केलें. सन २००५ मध्यें इटलींतील इव्हरेया गांवीं विद्यार्थ्यांसाठीं आर्डुइनो नांवाची स्वस्त नियंत्रणपट्टी निघाली. सन २००९ मध्यें नॉर्वेचे सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनीं त्या पट्टीसाठीं गर्बल नांवाची आज्ञावली लिहून सर्वांना खुली केली. अवघ्या ३२ किलोबाइट स्मृतीच्या तुकड्यांत ती बसते आणि सेकंदाला ३० हजार पावलांपर्यंत मोटरींना आज्ञा देऊं शकते. सन २०११ मध्यें एडवर्ड फोर्ड यांनीं शेपोको या यंत्राचे आराखडे लोकांपुढें ठेवले. सुमारें ३०० डॉलरांत कोणालाहि बांधतां यावें, अशी त्यांची मांडणी होती. त्यासाठीं लागणारे सरकते रूळहि दुसऱ्या एका हौशी माणसाच्या खुल्या आराखड्यांतून आलेले होते. त्यानंतर चिनी कारखान्यांनीं ३० सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर रुंद क्षेत्राचीं, म्हणून ३०१८ याच आंकड्यानें ओळखलीं जाणारीं, सुटीं यंत्रें बाजारांत आणलीं. त्यांच्या पोटांतहि बहुधा गर्बलच असते.

या प्रवासाचा एक टप्पा महाराष्ट्रांतहि आहे. पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं सन १९८३ मध्यें विज्ञान आश्रमाची स्थापना केली. हातानें काम करीत शिकावें, हें त्या संस्थेचें सूत्र आहे. एम. आय. टी. मधील प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांनीं सामान्य माणसाच्या हातीं निर्मितीचीं साधनें देणाऱ्या फॅब लॅब नांवाच्या कार्यशाळांची कल्पना मांडली, तेव्हां त्या संस्थेच्या बाहेर निघालेल्या अगदीं पहिल्या कार्यशाळांपैकीं एक सन २००२ मध्यें पाबळला निघाली. टेबलावर मावेल असें लहान मिलिंग यंत्र हें या कार्यशाळांचें एक मुख्य साधन होय. तांब्याचा थर दिलेली पट्टी कोरून त्यावर विजेचीं सर्किटें तयार करतात. ज्या संस्थेंत शेंकडों व्हॉल्व्हांचें यंत्र प्रथम चाललें, तिच्याच हातून बरोबर पन्नास वर्षांनीं ही विद्या पाबळसारख्या खेड्यांत आली.

इतका इतिहास ध्यानांत घेतल्यावर पैशाच्या प्रश्नाकडे वळणें सोपें जातें. स्वस्त झालें तें हिशेबाचें अंग. साध्या स्टेपर मोटरीचा एक फेरा २०० पावलांचा असतो. एका फेऱ्यांत टेबल ४ मिलिमीटर सरकविणारा दांडा तिला जोडला, तर एका पावलाला टेबल ०.०२ मिलिमीटर सरकतें. केसाच्या जाडीहून लहान असलेलें हें अंतर आज थोडक्या रुपयांच्या मोटरीनें मोजतां येतें. परंतु कागदावरची ही सूक्ष्मता कामांत उतरेलच असें नाहीं. एक तर ही मोटर आंधळी असते. सन १९५२ च्या यंत्रांत टेबल खरोखर कोठें पोंचलें याची वार्ता नियंत्रणाकडे परत येत असे. स्वस्त यंत्रांत ती येत नाहीं. अति भारामुळें मोटर एखादें पाऊल चुकली, तर पुढचें सर्व काम त्या चुकीसह चालूच राहतें. म्हणून अशा यंत्राला मालकाच्या डोळ्यांची जोड द्यावी लागते.

दुसरी गोष्ट ताठपणाची. ब्रिजपोर्टचें यंत्र सुमारें एक टन वजनाचें असतें आणि तें वजन ओतीव लोखंडाचें असतें. ३०१८ जातीचें यंत्र एका माणसाला सहज उचलतां येतें. कटर धातूंत शिरतो तेव्हां धातुहि त्याला उलट ढकलतो, आणि यंत्राचा सांगाडा त्या जोराखालीं वांकतो. कटरचा बाहेर निघालेला भाग दुप्पट लांब केला, तर तेवढ्याच जोराखालीं तो आठपट वांकतो; त्याची जाडी निम्मी केली तर सोळापट. हा नियम फोर्ड यांच्या यंत्राला लागू आहे आणि ब्राउन यांच्याहि होता. कोणतीहि आज्ञावली त्यांतून सुटका करूं शकत नाहीं. ताठपणा लोखंडाच्या वजनानें विकत मिळतो, आणि लोखंडाला आजहि पैसे पडतात.

यावरून थोड्या पैशांचें शहाणपण काय, तें उघड होतें. नियंत्रणाच्या महागड्या पेटीवर खर्च करूं नये. खुल्या आज्ञावल्या आणि साधी पट्टी नवशिक्याला पुरतात. वस्तूचें चित्र काढण्यासाठींहि फ्रीकॅडसारख्या आज्ञावल्या विनामूल्य उपलब्ध आहेत. पैसा द्यावयाचा तो सांगाड्याला, सरकत्या रुळांना आणि दांड्याला. क्षेत्र मोठें आणि सांगाडा लवचीक अशा यंत्रापेक्षां क्षेत्र लहान आणि सांगाडा ताठ असें यंत्र केव्हांहि अधिक काम देतें. शिवाय सर्व पुंजी यंत्रावरच घालूं नये. चांगले कटर, तुकडा घट्ट धरणारा व्हाइस, आंखूड अंतरें मोजणारा कॅलिपर आणि डोळ्यांवर चष्मा यांसाठीं एक वांटा आधींच बाजूला काढलेला बरा. कटर मोडणारच, पहिल्या महिन्यांत तर ते हमखास मोडतात.

आरंभाची रीतहि पार्सन्स यांच्यासारखी पायरीपायरीची असावी. प्रथम कटरच्या जागीं पेन बांधून यंत्राकडून कागदावर चौकोन आणि वर्तुळ काढवून घ्यावें. चौकोनाचे कोन आणि बाजू मोजून पाहाव्यात. वर्तुळाच्या कडेवर चार ठिकाणीं लहान खोडे दिसले, तर आंट्यांत ढिलाई आहे असें समजावें. कारागीर तिला ‘प्ले’ म्हणतात. नंतर मेण किंवा मऊ लांकूड, मग प्लायवुड आणि अ‍ॅक्रिलिक, आणि हात बसल्यावर पितळ व अ‍ॅल्युमिनियम, असा क्रम ठेवावा. टेबलावर एक लांकडी फळी घट्ट बसवून ती यंत्राकडूनच सपाट कापून घ्यावी, म्हणजे यंत्राचें आसन त्याच्याच चालीशीं समांतर होतें. दोन-चार पैसे देऊन घ्यावयाचे पुष्कळसे भाग, शिकंजे आणि धूळ ओढणारें तोंड, तें यंत्र स्वतःच कापून देऊं शकतें.

गतीचा हिशेबहि सोपा आहे. कटर मिनिटाला १०,००० फेरे फिरत असेल, त्याला दोन धारा असतील, आणि प्रत्येक धारेनें ०.०२ मिलिमीटर जाडीचा किस काढावा अशी इच्छा असेल, तर तिन्हींचा गुणाकार ४०० येतो. म्हणून टेबल मिनिटाला ४०० मिलिमीटर सरकावें. नवशिक्या भीतीनें ही गति फार कमी ठेवतो. मग धार कापण्याऐवजीं घासूं लागते, तापते आणि बोथट होते. हलक्या यंत्राला सांभाळावयाचें तें गति मारून नव्हे, छेद उथळ ठेवून. एक मिलिमीटरचा एक छेद यंत्राला झेपत नसेल, तर पाव मिलिमीटरचे चार घ्यावेत. वेळ चौपट लागेल, परंतु वस्तु बरोबर निघेल. गरीब यंत्राच्या मालकाजवळ वेळ हेंच भांडवल असतें.

घरांत हें यंत्र ठेवतांना कांहीं पथ्यें पाळलींच पाहिजेत. फिरत्या कटरजवळ हातमोजे घालूं नयेत. ते गुंतले तर बोटांसह ओढले जातात. केस आणि पदर बांधून घ्यावेत. लांकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या फळ्यांची आणि काचतंतूंच्या पट्ट्यांची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते; नाकावर चांगली जाळी आणि धूळ ओढण्याची सोय हवीच. बोथट कटर लांकडांत अडकून घासत राहिला तर ठिणगी पडूं शकते. म्हणून चालू यंत्र सोडून बाजारांत जाऊं नये. आणि शेजाऱ्यांच्या झोंपेचाहि विचार असावा, कारण हें यंत्र मुकाट्यानें काम करणारें नाहीं.

शेवटीं त्या जुन्या वादाकडे पुन्हा एकदां पाहिलें, तर एक विलक्षण गोष्ट ध्यानांत येते. ट्रॅव्हर्स सिटीच्या कारखान्यांत आंकडे काढणारा एक होता, वाचणारा दुसरा, आणि चाकें फिरविणारे आणखी दोघे. पुढें मोठ्या कारखान्यांत ही कामांची वांटणी कचेरी आणि कामगार यांच्यामधील भिंत झाली. घरच्या टेबलावर ती भिंत उभी राहूं शकत नाहीं, कारण तेथें माणूस एकच असतो. चित्र तोच काढतो, हिशेब तोच करतो, तुकडा तोच आवळतो, आणि कटरचा सूर बदलला कीं कान टवकारून बटणाकडे हात नेणाराहि तोच असतो. आंकड्यांनीं जें कौशल्य कारागिराच्या बोटांतून काढून घेतलें होतें, तें स्वस्त यंत्राच्या उणेपणामुळेंच त्याला पुन्हा कमवावें लागतें. यंत्र परिपूर्ण असतें तर त्याला कांहींच शिकावें लागलें नसतें. महिन्या-दोन महिन्यांच्या खटपटीनंतर पितळेचा एखादा लहानसा तुकडा मनाजोगा कापला जातो, कॅलिपरच्या जबड्यांत हवें तेंच माप दाखवितो, आणि तेव्हां तो कोणी घडविला हें विचारण्याची जरूर पडत नाहीं.